पीचवरची लव काढायची की ठेवायची? आणि नेक्टरीन म्हणजे नक्की काय?

वडगावची_सून

नमस्कार मंडळी. हापूस संपत आला, पाऊस लागला आणि आमच्या घरात यंदा पीचचं खूळ शिरलंय. आमचे हे खडेबाजारातून फोमच्या जाळीतली पीच घेऊन येतात. रंग बघून जीव खुळावतो, पण हातात घेतलं की ती मखमल. धाकट्याने फळ गालाला, मानेला घासत घासत खाल्लं आणि तासाभरात मान लाल झाली, खाजवून खाजवून बेजार. सासूबाई म्हणाल्या, "ती लूस खरवडून काढ, विष असतं त्यात." दीर म्हणाले, साल काढलीस तर सगळं सत्त्व गेलं.

त्यात परवा ह्यांनी अगदी तशाच रंगाची, पण सफरचंदासारखी गुळगुळीत फळं आणली. विकणाऱ्याने सांगितलं हे नेक्टरीन, पीच आणि अलुबुखाराचं कलम. खरं का हे? आणि जर्दाळू, अलुबुखार, पीच हे सगळे एकाच घरातले म्हणतात ते कशावरून? जाणकारांनी सांगावं. लवेचं काय करायचं ते आधी सांगा, फळं टेबलावर पडून आहेत.

रविवारपेठ_फळवाला

ताई, विष बिष काही नाही ओ. नळाखाली धरायचं आणि जुन्या पंच्याच्या तुकड्याने हलक्या हाताने पुसायचं, बरीचशी लव तिथंच जाते. नुसतं पाणी ओतून काही होत नाही, पाणी थेंब थेंब होऊन घरंगळतं, आत लागतच नाही. बघा की करून.

हिमाचलात मोठ्या बागांच्या पॅकिंगमध्ये ब्रशच्या रोलरवरून फळ फिरवतात म्हणे, म्हणून पेटीतल्या मालावर लव कमी असते. गावठी माल आला तर भरपूर असते. आम्ही दिवसभर माल निवडतो तेव्हा हाताच्या कोपरापर्यंत खाज सुटते. पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून बसतो, मग काही नाही.

आणि एक सांगतो, कच्ची असतील तर फ्रिजमध्ये घालू नका. आतनं पिठूळ होतात. मग लोक येऊन आमच्याशी भांडतात.

पुणेकर_मूळचा_शहापूरचा

लव हा प्रकारच कळत नाही मला. निसर्गाने चांगलं फळ केलं आणि वर ब्लँकेट घातलं. मी सरळ नेक्टरीन घेतो. चवही जास्त गोड असते. कलम असलं तरी काय बिघडलं?

अरभावी_माजी

कलम नाही, संकरही नाही. नेक्टरीन म्हणजे लव नसलेला पीच, एवढंच. दोघांचं शास्त्रीय नाव एकच, प्रुनस पर्सिका. (आम्ही अरभावीला बागायती शिकलो तेव्हा पीच फक्त चित्रात बघितला होता. परीक्षेत मात्र यायचा.)

हे असं चालतं: पीचच्या सालीवर लव उगवायला एक जीन लागतो. एका काळी त्या जीनमध्ये डीएनएचा एक भटका तुकडा घुसला आणि जीन बंद पडला. २०१४ साली इटलीतल्या संशोधकांनी तो नेमका बिघाड शोधून काढला. आई आणि बाप दोघांकडून हा बंद जीन आला तरच फळ गुळगुळीत होतं. एकाकडून चालू जीन आला की लव येतेच. म्हणून लव असलेल्या दोन पीचच्या झाडांचा संकर केला आणि दोघांच्याही अंगात तो बंद जीन लपलेला असला, तर सरासरी चारातलं एक रोप नेक्टरीनचं निघतं. त्यात अलुबुखाराचा काही संबंध नाही.

गंमत म्हणजे पीचच्या झाडावर अचानक एखादी फांदी नेक्टरीन धरते. डार्विनने १८६८ च्या आपल्या ग्रंथात अशा झाडांच्या नोंदी दिल्यात. जीन म्हणजे काय हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, तरी त्याने निरीक्षणावरून पीच आणि नेक्टरीन एकच हे धरलं होतं.

विकणाऱ्याच्या डोक्यातला घोळ बहुधा प्लमकॉट आणि प्लुऑटमुळे झालाय. ती अमेरिकेत तयार केलेली फळं खरोखर अलुबुखार आणि जर्दाळूच्या संकरातून आलीत. त्यात पीच नाही.

पुणेकर_मूळचा_शहापूरचा

ठीक. पण गोड जास्त असतं हे तर खरं ना?

अरभावी_माजी

जातीवर आणि कधी तोडलं त्यावर आहे. लवेचा आणि साखरेचा सरळ संबंध नाही. बाजारात मिळणारी नेक्टरीन बहुतेक वेळा वेगळ्या जातीची, वेगळ्या देशातली, वेगळ्या वेळी तोडलेली असतात, तेव्हा तुलना पीच आणि नेक्टरीनची होतच नाही, दोन बागांची होते. पांढऱ्या गराची फळं मात्र आंबटपणा कमी असल्यामुळे गोड लागतात, ती दोन्हीकडे असतात.

आणि ब्लँकेट म्हणालात म्हणून. ते उगाच नाही घातलेलं. नेक्टरीन पिकवणाऱ्याला विचारा: फुलकिड्यांनी गुळगुळीत सालीवर ओरखडे काढले की चंदेरी डाग पडतात, पावसात साल तडकते आणि तपकिरी कुजव्या बुरशीला सालीवर वाट मोकळी मिळते. लव असलेल्या फळावर पाण्याचा थेंब वरच्यावर राहतो, फळवाले अण्णा म्हणाले तसा. सालीला ओल लागली नाही की बुरशीचं बी रुजत नाही. लव फूल उमलायच्या आधीच कळीतल्या अंडाशयावर येते, कोवळं फळ म्हणजे नुसता केसाळ मणी. पुढे फळ फुगतं तशी ती विरळ दिसते.

निपाणीकर_मामा

पावणं, ह्यात नवीन काय हाय? आमच्याकडं तंबाखूच्या पानाला हात लावून बघा. पानभर बारीक केस, त्यांच्या टोकाला चिकट. खुडणी करून घरी गेलं की हात काळं पडत्यात, साबणानं निघत न्हाईत. बारकी किडं त्या चिकटात अडकून मरत्यात, आम्ही बघतोय की लहानपणापासनं. झाडाला केस येत्यात ती काही शोभेला न्हवं.

पीच आमच्यात कुणी खात न्हाई. फोटो बघून सांगितलं.

बैलहोंगल_पाटील

मामांना अनुमोदन. कापसातही तेच. तुडतुड्यांचा त्रास असलेल्या भागात केसाळ पानांची जात घ्यावी हे आमचे वडील सांगायचे. तुडतुड्याला पानाच्या शिरेत अंडी घालायला केस आडवे येतात. पांढऱ्या माशीचं मात्र उलटं, तिला केसाळ पान आवडतं.

अरभावी साहेब, एक शंका. कापसाचे तंतू हेही सरकीवरचे केसच ना? मग पीचची लव आणि आमचा कापूस यांचं काही नातं लागतं का, की मी उगाच जोडतोय?

अरभावी_माजी

पाटील, उगाच नाही. कापसाचा प्रत्येक तंतू म्हणजे सरकीच्या सालीवरची एकच पेशी, लांबच लांब वाढलेली. तो तंतू उगवायला सुरुवात करून देणाऱ्या जीनचं एक घराणं आहे, आणि पीचमध्ये जो बिघडला की नेक्टरीन होतं तो जीन त्याच घराण्यातला. संशोधकांनी पीचच्या जीनला क्रमांकही कापसावरूनच दिला. म्हणजे बैलहोंगलच्या जिनिंगमध्ये जे रुईचे गठ्ठे बांधतात आणि ताईंच्या टेबलावरची जी मखमल, ती उगवण्याची रीत मुळात सारखी. पीचची लव कातता येत नाही हा भाग वेगळा.

वडगावची_सून

बाप रे, कुठून कुठे गेलं हे! वाचायला मजा येतेय. पण मान लाल झाली त्याचं काय? उद्या पुन्हा मागेल तो.

कॅम्पातला_डॉक्टर

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नका.

पहिली: लव त्वचेला टोचते. मऊ दिसली तरी ते बारीक, ताठ केस आहेत, मानेच्या घड्यांत घामाबरोबर रुतून बसतात. जिथे घासलं तिथेच लाली, धुतल्यावर काही वेळात शांत. तुमच्या वर्णनावरून हे वाटतं. खानापूरच्या रानात खाजकुयलीच्या शेंगेला हात लावलेल्यांना केसांचा प्रताप सांगायला नको. अर्थात खाजकुयलीच्या केसांत खाज उठवणारी प्रथिनं असतात, पीचची लव तिच्यापुढे अगदीच गरीब.

दुसरी: पीचची खरी ॲलर्जी. हिच्यात ओठ, जीभ, टाळू खाजतात, ओठ सुजतात, कधी अंगभर गांध्या, उलट्या, क्वचित श्वासाला त्रास. हिचं एक मुख्य कारण असलेलं प्रथिन गरापेक्षा सालीत कितीतरी जास्त असतं. ते शिजवून नष्ट होत नाही, पोटातल्या पाचक रसांनाही दाद देत नाही, म्हणून जॅम किंवा डब्यातला रस घेतला तरी त्रास होऊ शकतो. तशीच प्रथिनं जर्दाळू, अलुबुखार, सफरचंद, बदाम, अक्रोड यांतही असतात. आणि लव नाही म्हणून नेक्टरीन चालेल, असं ॲलर्जीवाल्याने अजिबात समजू नये.

मुलाच्या तोंडात काही झालं नव्हतं ना? नसेल तर पुसून, साल काढून, फोडी करून द्या. तोंडात खाज किंवा ओठांना सूज आली असेल तर घरी प्रयोग करू नका, दाखवा. श्वास लागला तर थेट दवाखाना, मंचावर विचारत बसू नका.

वडगावची_सून

नाही डॉक्टर, तोंडाला काही नाही, फक्त मान. धन्यवाद. साल काढायची सोपी रीत कुणी सांगेल का? पिलरने काढताना निम्मा गर जातो.

शाहूनगर_अक्का

टोमॅटोची काढतो तशीच गं. बुडाला सुरीने फुली मार, उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट सोड, काढून गार पाण्यात टाक. पिकलेलं असेल तर साल नुसत्या बोटाने निघते. कच्च्याची निघत नाही, उगाच गॅस जाळू नको.

आणि लव बघून घाबरायचं काय त्यात? कोवळा दुधी आपण लव बघूनच घेतो. लव गेली की दुधी निबर.

खानापूर_रानमेवा

अक्का बरोबर. कोहळ्याचं तर आणखी मजेशीर. कोवळा असताना राठ केस, नखाएवढा असला तरी हाताला टोचतो. पिकत आला की केस झडतात आणि वर पांढरी पावडर धरते.

मला वाटतं अलुबुखारावर जी पांढरी भुकटी असते ती तीच. आणि अलुबुखार म्हणजे आपल्या जांभळाचाच थोरला भाऊ ना? रंग तोच, बी एकच, तुरट तसाच.

अरभावी_माजी

भुकटीचं बरोबर. ते सालीवरचं नैसर्गिक मेण. अथणीच्या द्राक्षवाल्यांना विचारा, ते घडाला हात न लावता देठाला धरून तोडतात ते या मेणापायीच, ते पुसलं गेलं की माल शिळा दिसतो. लोक औषधाची पावडर समजून घासत बसतात. म्हणजे एकाच घरात पीचने पाणी अडवायला केस घेतले, अलुबुखाराने मेण.

जांभळाचं मात्र नाही. जांभूळ पेरू आणि लवंगेच्या कुळातलं. बोरही वेगळ्या कुळातलं, एक कोय असली तरी. आपल्या गल्लीतला देशी बदाम, ज्याची पानं लाल होऊन गळतात, तोही खऱ्या बदामाचा कुणी लागत नाही. किवीवर केस आहेत म्हणून तो पीचचा चुलता होत नाही, तो वेलीवरचा, आत शेकडो बिया. उलट लोकाट आणि क्विन्स या फळांवर लव असते आणि ती पीचसारखीच गुलाबाच्या कुळातली, पण सफरचंदाच्या बाजूची.

साल बघून नातं ठरवायला गेलं की असे घोटाळे होतात. कोय बघा. पीच खाऊन झाला की कोय धुऊन वाळवा: खोल सुरकुत्या, खळगे, मेंदूसारखी. मग नेक्टरीनची शेजारी ठेवा. ओळखून दाखवा कुठली कुणाची. सुक्या जर्दाळूतली बी सगळ्यांनी फोडून खाल्लीय, ती गुळगुळीत असते, एका कडेला धार. अलुबुखाराची चपटी. आणि कवचासकट बदाम घेतला तर त्यावर भोकं भोकं दिसतात. बदाम हा या सगळ्यांत पीचला सर्वांत जवळचा. झाडावरचा हिरवा बदाम बघितलात तर अंगावर लव, आकार कच्च्या पीचचा. फरक इतकाच की त्याचा गर वाळून तडकतो आणि आपण आतली बी खातो. दोघांचा संकर सहज होतो, त्या संकराची रोपं परदेशात पीचच्या कलमांना खुंट म्हणून वापरतात.

पुणेकर_मूळचा_शहापूरचा

मग पीचची बी फोडून बदामासारखी का खात नाही कुणी? वाया घालवतो आपण?

कॅम्पातला_डॉक्टर

खाऊ नका. पीचच्या बीत ॲमिग्डालिन असतं, चावल्यावर त्यातून सायनाइड सुटतं. कडू बदामात तेच. गोड बदामाची जात माणसाने निवडून निवडून वेगळी काढली, जर्दाळूतही गोड बियांच्या जाती आहेत, लडाखात त्या खातात आणि तेलही काढतात. पीचची बी कडूच. टणक कवच फुटलं नाही तर त्यातून विष सहसा सुटत नाही. फोडून वाटीभर जमवायचा उद्योग नको.

खानापूर_रानमेवा

कोयीवरून आठवलं. आमच्याकडे एकदा आणलेल्या पीचची कोय गराला इतकी चिकटली होती की चोखून खावी लागली, आणि दुसऱ्या वेळी नुसतं पिळलं की अर्ध्या वाट्या सुट्या. जात वेगळी का?

अरभावी_माजी

हो, कोय सुटी आणि कोय चिकट असे दोन प्रकार, लव असो वा नसो. गराचेही दोन: एक पिकल्यावर विरघळणारा, एक पिकूनही घट्ट राहणारा. तुम्हा खानापूरकरांना सांगायचं तर फणसातले बरका आणि कापा. डब्यातल्या पाकात जे पीच येतात ते कापा गटातले, शिजवून फोड मोडत नाही म्हणून.

खानापूर_रानमेवा

आता शेवटचं. जांबोटीकडे आमची थोडी जागा आहे, चांगली थंडी पडते. कोय लावली तर येईल?

अरभावी_माजी

रोप येईल, फळ येणार नाही. कोय आधी ओल्या वाळूत घालून दोनतीन महिने फ्रिजमध्ये ठेवावी लागते, तेव्हा ती रुजते. पण झाडाला पुढे दर हिवाळ्यात सुमारे ७ अंशांखालची थंडी शेकडो तास हवी, नाही तर कळ्या झोपेतून नीट उठत नाहीत. हिमाचलच्या जातींना तर बरीच जास्त लागते, तिथल्याच राजगडच्या डोंगरात ती मिळते. कमी थंडीवर येणाऱ्या जाती आहेत, लुधियानाच्या विद्यापीठाने मैदानी पंजाबात त्या रुजवल्या, शान-ए-पंजाब त्यातलीच. तरीही पंजाबचा जानेवारी आणि आपला जानेवारी यात फरक आहे. दक्षिणेत उटी, कोडईकनालच्या उंचीवर पीच होतात. बेळगावची थंडी स्वेटर काढायला पुरते, पीचला नाही.

शिवाय जांबोटीचा पाऊस. लव कितीही असली तरी त्या पावसापुढे टिकायची नाही. तिथे कोकम लावा, फणस लावा.

खानापूर_रानमेवा

कोकम आहेतच. हौस म्हणून विचारलं.

बैलहोंगल_पाटील

धागा भरकटवतोय, पण पानावर केस नसलेला कापूसही असतो का? असला तर कुणी का लावत नाही?

अरभावी_माजी

असतो. पान गुळगुळीत असलं की वेचणीत पाचोळा कमी चिकटतो, रुई स्वच्छ निघते. बोंडअळीची मादीही गुळगुळीत पानावर अंडी कमी घालते. पण तुडतुडे मोकाट सुटतात, आणि आपल्याकडे त्यांचाच जोर. केसांची किंमत आणि केस नसण्याची किंमत, दोन्ही मोजूनच जात ठरते. नेक्टरीनवाल्या बागायतदाराचं गणित हेच, त्याला फवारणी आणि निवड जास्त करावी लागते, ती भावात लागते. पुणेकरांना तो भाव परवडतो.

पुणेकर_मूळचा_शहापूरचा

परवडत नाही ओ, शौक आहे.

वडगावची_सून

काल अक्कांच्या रीतीने सालं काढली, निम्म्यांची मस्त निघाली. उरलेली अजून दगड आहेत. फळवाले अण्णा, लाल झालीत तरी घट्ट कशी?

रविवारपेठ_फळवाला

ताई, लाली उन्हाची असते, पिकल्याची नाही. लालीच्या मधला जो मूळ रंग आहे तो बघायचा. हिरवट असेल तर कच्चं, पिवळसर झाला की तयार. कागदाच्या पिशवीत एक केळं घालून बाहेरच ठेवा, देठाजवळ वास सुटला आणि हलकं दाबलं जायला लागलं की खा. मग एखादा दिवस फ्रिजमध्ये ठेवलं तरी चालतं. पिशवी रोज उघडून बघा, एक नासलं की शेजारचं नासायला वेळ लागत नाही, ह्या पावसात तर नाहीच.

नेक्टरीन पुढच्या आठवड्यात येतंय असं वरून कळलंय. आलं की इथं लिहितो.